पंखाची शिलाई

घड्याळजीने दुकान मुलाच्या हवाली केलं आणि घरामागच्या शेडमध्ये विमान बांधायला घेतलं, तेव्हा बायकोने आधी कपाळावर हात मारला आणि मग सुई हातात घेतली. करते काय! पंख शिवायला दोन माणसं लागतात, आणि या वेडासाठी दुसरं माणूस आणायचं कुठून?

लाकडी फासळ्यांवर कापड चिकटवून झालं होतं, इस्त्री फिरवून ताणूनही झालं होतं. आता उभ्या केलेल्या पंखाच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ती. तो फासळीला लागून लांब सुई आरपार घालायचा, ती पलीकडून ओढून फासळीच्या दुसऱ्या अंगाने परत द्यायची. प्रत्येक टाक्याला गाठ. उडताना कापड सुटू नये म्हणून हा सगळा खटाटोप.

"अगं, झोपलीस की काय?" तो पलीकडून ओरडायचा.

"सुई आली तर देईन ना! हवेतून काढू?"

सुई यायची, पण भलतीकडेच. पेन्सिलीची खूण एकीकडे आणि टोक दुसरीकडे. नवऱ्याचे डोळे कामातून गेलेत हे तिला कळून चुकलं, पण सांगायचा धीर होईना. या विमानात त्याने जीव ओतला होता. पहिल्यांदा आपणच उडवणार म्हणून गावभर सांगत सुटला होता. मग दुपारी तो आडवा झाला की ती त्याचे वाकडे टाके कापायची आणि पंखाच्या अलीकडून पलीकडे पळत एकटीच नव्याने घालायची. संध्याकाळी तो ओळीवरून बोटं फिरवून खूश. "हात अजून तयार आहे हो माझा!"

काल मात्र त्याने उड्डाणाचा दिवस ठरवला आणि तिच्या मनात आलं, टाके सुधारायला आपण आहोत. वर आकाशात याचं चुकलं तर कोण धावणार?

आज दुपारी ती शेडकडे फिरकलीच नाही.

संध्याकाळी बोटं फिरवताना त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "काय गं हे? लक्ष कुठे होतं तुझं?"

"ती ओळ तुमची आहे." ती म्हणाली. "आधीच्याही अशाच होत्या. मी रोज उसवून पुन्हा घातल्या. तुम्हाला दिसत नाही हो. मी नाही तुम्हाला उडू देणार."

तो भडकेल, आरडाओरडा करेल असं तिला वाटलं होतं. तो नुसता स्टुलावर बसला.

"डॉक्टर म्हणाला होता मला," तो म्हणाला. "पण टाके तर सरळ येत होते. मला वाटलं, तोच चुकला असेल."

तिला स्वतःचाच भयंकर राग आला. डोळे पुसून तिने कात्री उचलली आणि ओळीकडे वळली.

"थांब," तो उठत म्हणाला. "माझी आहे ना? मीच उसवतो."

तो बोटांनी एकेक गाठ शोधू लागला. या वेळी ती मधे पडली नाही.