शिवणीचा पाट

दिवेलागणीची वेळ झाली की रुखमा गाठोडं बांधायची. गाठोड्यात असायचं तरी काय? एक लुगडं, लाकडी फणी, कुंकवाची डबी आणि मूठभर तांदूळ. ते काखेत मारून ती दारात उभी राहायची आणि नवऱ्याला म्हणायची, "अवो, चला ना आता. किती दिवस लोकाइच्या घरी पाहुणचार घ्यायचा? आपल्या घरी चला."

"हेच आपलं घर होय, रुखमा," पुंडलिकराव म्हणायचे.

"हाव," ती म्हणायची, आणि गाठोडं न सोडता तशीच उभी राहायची.

आपलं घर गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली जाऊन आता बारा वर्षं झाली होती. पुनर्वसनाच्या या नव्या गावात रस्ते सरळ, घरं एका रांगेत, नळ दारात. पण रुखमाचं मन गेल्या दोन वर्षांत एकेक खोली रिकामी करत मागे मागे गेलं होतं, आणि जिथं जाऊन थांबलं होतं तिथं हे गावच नव्हतं. नवऱ्याला ओळखायची, लेकाला कधी ओळखायची कधी नाही, आणि घराला मुळीच नाही.

कार्तिकात एक दिवस ती निसटली. सगळ्या आळीनं शोधलं. सापडली ती फुगलेल्या पाण्यात, गुडघ्यापर्यंत आत शिरलेली, लुगडं वर खोचलेलं. पायानं तळ चाचपत होती. "उंबरठा इथंच होता," म्हणाली, "पायाले लागून नाही राहिला."

निकेश, त्यांचा लेक, दुसऱ्याच दिवशी नागपूरहून आला. म्हणाला, "बाबा, आईले मी घेऊन जातो. तिसऱ्या माळ्यावर फ्लॅट हाय, दाराले कुलूप राह्यते. तिथं कोनत्या पाण्यात जाईन ती?"

लेकाचं चुकत नव्हतं. पण कुलपातली रुखमा पुंडलिकरावांना डोळ्यांपुढं आणवेना. "संक्रांतीपर्यंत थांब बापू," ते म्हणाले. "तवरीक नाही थांबली तिची ही चाल, तं ने."

त्यांच्या मनात एक गोष्ट आली होती. चार दिवसांपूर्वी सकाळी त्यांनी बांबूची टोपली दारात टांगली, तर तिच्या विणीतून ऊन गाळून आत भुईवर पडलं. रुखमा तिथं उकिडवी बसली, उन्हाच्या ठिपक्यांवर बोटं फिरवू लागली आणि म्हणाली, "राघू कुठं गेले?" मग कितीतरी महिन्यांनी गायली:

*दारावर जाळी बाई, जाळीत राघू दोन,*
*भुईवर सोनं सांडे, वेचायला आहे कोन?*

जुन्या घराच्या दारावर, चौकटीच्या माथ्याशी, एक लाकडी जाळी होती. दोन राघू समोरासमोर, मधे धानाची लोंब. रुखमा लग्न होऊन आली त्याच वर्षी पवनीच्या सुतारानं ती बसवली होती. सकाळी दार लोटलेलं असलं तरी जाळीतून राघू भुईवर उतरायचे, आणि रुखमा सडासारवण करताना त्यांना ओलांडून पोतेरं फिरवायची. गाव उठलं तेव्हा लोकांनी छपराचे आडे, कवेलू, दारं, सगळं उपसून नेलं. पुंडलिकरावही चौकट काढायला कुदळ घेऊन उभे राहिले होते. रुखमाच आडवी आली. "उंबरठ्याखाली सासूबाईनं नारळ पुरला हाय. घर सोडा, पन उंबरठा उपटू नोका. लक्ष्मी उघडी पडते." तिचा मान राखून त्यांनी कुदळ खाली ठेवली. चौकट राहिली, चौकटीबरोबर जाळी राहिली, आणि दोन्हींवर पाणी चढलं. आता त्यांना वाटायचं, त्या दिवशी एवढं एक ऐकलं नसतं तर.

लेकाला त्यांनी एवढंच सांगितलं की जाळी कापायची आहे. निकेशच्या मित्राकडे नावाच्या पाट्या कोरायची एक मशीन धूळ खात पडली होती. स्क्रोल सॉ म्हणतात तिला. म्हाताऱ्याचा जीव रमेल म्हणून निकेशनं ती आणून ओसरीत बसवली, सुट्टीचे दोन दिवस शिकवलं आणि गेला. आळीत कोणी तिला त्या नावानं हाक मारली नाही. लोक म्हणायचे, पुंडलिकरावाची शिलाई मशीन. दिसायचीही तशीच. खाली सपाट पाटी, वरून पुढं आलेला हात, आणि दोहोंच्या मधे तणसाच्या काडीहून बारीक पातं, उभं ताणलेलं, खालीवर नाचणारं.

नांगर दाबून धरायची सवय झालेला हात. पहिल्या दिवशी पाच पाती मोडली. नांगर रेटावा लागतो. या पात्याला रेटलं की ते रुसून तुटतं. लाकूड हळूच त्याच्याकडे न्यायचं, वळणावर थांबायचं, फळी फिरवायची आणि पात्याला त्याच्या चालीनं खाऊ द्यायचं. पातं नीट ताणलं की नाही, ते बोटानं छेडून ऐकायचं. तुणतुण्यासारखं वाजलं तर ठीक. हे कळायला त्यांना पंधरा दिवस लागले.

मग लाकडाचं रडगाणं सुरू झालं. प्लायवूड घेतलं, तर पापुद्रे उडून राघूच्या चोचीचा भुगा झाला. आंब्याची फळी छान कापली गेली, पण चार दिवसांत रुसलेल्या जावयासारखी तोंड फिरवून बसली. जुन्या घरच्या आड्याचा सागाचा तुकडा घेतला, तर आत दडलेल्या खिळ्यानं पातं खाल्लं. दुसरा घेतला, तर रेषेरेषेनं चिरून लोंबीची देठंच गळून पडली.

ते पवनीला आनंदरावांकडे गेले. आनंदराव आरा मशीनवाले, शाळेपासूनचे सोबती. त्यांनी मोडके राघू हातात घेऊन पाहिले.

"कोंबड्या कराले बसला काय पुंडलिक?"

"राघू होत ते."

"मंग राघूले तरी दाखव एखादिवशी. ओळखते का पाहू." मग हसू आवरून म्हणाले, "तुले हलकं पाहिजे, पन ठिसूळ नाही. वाकाचं नाही, चिराचं नाही. असं लाकूड म्हंजे शिवन. आता शिवन कुठं भेटते बावा? तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी करणारे दिसली की उचलून नेते."

महिनाभर शिवणीसाठी ते करडीपर्यंत फिरून आले. कुठं ओली होती, कुठं किडकी, कुठं नव्हतीच. संक्रांत जवळ येत चालली.

एके दुपारी ते थकून जेवायला बसले. रुखमानं नेहमीसारखे दोन पाट मांडले होते. ती आता भाजीत मीठ दोनदा घालायची, पण पाट मांडायला कधी विसरली नव्हती. आसगावच्या तिच्या बापानं आपल्या शेताच्या धुऱ्यावरचं एकच झाड तोडून ते दोन पाट करवले होते. लग्नात दोघं त्यांवर बसले, आणि पुढं बेचाळीस वर्षं जेवायलाही. उजवा त्यांचा, डावा तिचा. जेवण झाल्यावर पुंडलिकरावांनी सहज आपला पाट उचलला आणि हात थबकला. एवढा रुंद पाट, आणि वजन असं? उलटा करून नखानं खरवडला. काळपट तेलकट थराखाली पिवळसर, मऊ, पिकल्या धानाच्या रंगाचं लाकूड हसलं.

आनंदरावांनी पाट वासानंच ओळखला. "शिवन. बेचाळीस वर्सं वाळलेली. अरे, सोन्यावर बसून जेवला अन् गावोगावी पितळ हुडकत फिरला." मग गंभीर झाले. "पन तुझाच पाट काहून? वहिनीचाही आन, मंग एक बिघडला तं दुसरा कामी येईन."

"तिचा कापला तं ती कुठं बसन?"

"अन् तू?"

"मी भुईवर."

आनंदरावांनी पाट आऱ्याखाली घेतला. जाड पाटाच्या दोन पातळ फळ्या काढून दिल्या आणि रंधा स्वतः मारला.

त्या दिवशी रुखमानं जेवायला एकच पाट मांडला आणि गोंधळून दुसरी जागा पाहत राहिली. "अवो, तुमचा पाट कुठं गेला?"

"पाय डुगडुगत होता. मिस्तरीकडं देला. आनून देईन तो."

बायकोशी ते क्वचितच खोटं बोलले होते. हे इतकं लहान होतं की त्यांनी ते मोजलंही नाही.

आठवणीतले राघू कागदावर काढून त्यांनी कागद फळीला चिकटवला. बाहेरची रेघ सोपी. आतली नक्षी अवघड. नक्षीतल्या प्रत्येक खिडकीसाठी आधी भोक पाडायचं, पातं वरून सोडवायचं, भोकातून ओवायचं, पुन्हा ताणायचं. अशा त्रेचाळीस खिडक्या. पुंडलिकरावांच्या डोळ्यांना ते भोक दिसेना. तिसऱ्यांदा पातं चुकलं, तेव्हा शेजारी बसलेल्या रुखमानं ते त्यांच्या हातून काढून घेतलं, टोक ओठांशी नेलं, आणि एका झटक्यात ओवलं.

"सुई ओवता येत नाही तुमाले," ती म्हणाली. "काई येत नाही. मी नसती तं बटना तुटलेलाच अंगरखा घालून फिरले असते."

"हाव," ते म्हणाले.

मग पुढचे दहा दिवस तसे गेले. ती ओवायची, ते कापायचे. लेकाचं नाव विसरलेल्या बाईची बोटं एकदाही चुकली नाहीत. मशीन घुमायची, पिवळा भुसा दोघांच्या केसांत बसायचा, आणि मधेच ती जाळीची ओवी म्हणायची. संध्याकाळी गाठोडं निघायचंच, पण पुंडलिकराव तिला म्हणायचे, "थांब, राघू होऊ दे, मंग जाऊ." पुढं कधीतरी त्यांना वाटलं, आपल्याला देवानं जे द्यायचं ते त्या दहा दिवसांतच देऊन टाकलं होतं, आणि आपण मात्र मान खाली घालून रेघ पाहत होतो.

संक्रांतीच्या आदल्या सकाळी जाळी तयार झाली. नव्या घराचं दारही पूर्वेलाच होतं, आणि दारावर हवेसाठी सोडलेल्या खिडकीला नुसती तार मारलेली होती. रुखमा आत झोपलेली असताना त्यांनी शिडी लावली, तार काढली, जाळी ठोकून बसवली. कानावर पेन्सिल, अंगभर भुसा. खाली उतरून दार लोटलं आणि आत भिंतीला टेकून उभे राहिले.

ऊन वर आलं. भुईवर आधी लोंब उतरली, मग दोन राघू.

रुखमा उठून आली. पाहिलं. हळूच खाली बसली, एका राघूवर तळवा ठेवला, तर राघू तिच्या हातावर बसला. तिनं वर पाहिलं, भिंतींकडं पाहिलं, कोनाड्याकडं पाहिलं, आणि तिचा चेहरा गाठ सुटावी तसा सुटला. कोपऱ्यातलं गाठोडं तिनं आपल्या हातानं सोडलं. फणी कोनाड्यात ठेवली, डबी तिच्या शेजारी. घर ओळखलं तिनं.

पुंडलिकराव भिंतीपासून पुढं झाले. "रुखमा," ते म्हणाले.

ती दचकली. डोक्यावर पदर ओढून उठली आणि नव्या नवरीसारखी भिंतीकडं सरकली.

"लय चांगली केली जाळी, मिस्तरी," ती खालमानेनं म्हणाली. "बसा जी. मालक धानाच्या बांधीत गेले. तुमाले रिकाम्या हातानं नाही धाडत."

ती आत गेली. घराचं दार पुरं केलेल्या सुताराला गावची रीत म्हणून शिधा देतात, तसा सुपात घेऊन आली: तांदूळ, डाळ, गुळाचा खडा, वर सुपारी. मूठभर तांदूळ गाठोड्यातलेच होते.

पुंडलिकरावांना सूप घ्यावंच लागलं. कसंबसं विचारलं, "मालकाचं नाव काय, बाई?"

बेचाळीस वर्षांत तिनं ते नाव कधी घेतलं नव्हतं. बायकांनी मांडवात अडवलं तेव्हा एकदा, तेवढंच. आता ती लाजली. पदराचं टोक दातात धरून हसली, आणि तोच उखाणा तिच्या ओठांवर आला:

"बांधीत भरलं पाणी, धुऱ्यावर सावली गार, पुंडलिकराव येतीन घरी, उघडं ठेवते दार."

किती मायेनं घेतलं तिनं ते नाव. पुंडलिकराव सूप घेऊन बाहेर पडले.

दारापुढच्या कडुलिंबाखाली ते सूप मांडीवर घेऊन बसले. निकेशचा फोन आला. "बाबा, कशी हाय आई?"

"चांगली हाय. तिनं गाठोडं सोडलं."

"म्हंजे? घर ओळखलं?"

"हाव, ओळखलं. आता नाही जात ती कुठं."

"अन् तुम्ही? आवाज काहून असा?"

"भुसा गेला घशात."

दुपार झाली. त्यांनी नळावर तोंड धुतलं, केसांतला भुसा झाडला, कानावरची पेन्सिल खिशात घातली. पोळ्याला घालायचा धुतला अंगरखा दोरीवर होता, तो चढवला. मग बांधीतून येणाऱ्या माणसासारखे पाय आपटत दाराशी आले. दार उघडंच होतं. आत रुखमानं ताट वाढून ठेवलं होतं. तिचा पाट मांडलेला, आणि त्याच्या उजवीकडं सारवलेली मोकळी जागा. राघू केव्हाच भुईवरून उठून गेले होते.

पुंडलिकराव उंबरठ्यावर उभे राहिले. "आलो मी," ते म्हणाले.

रुखमानं पदर सावरत वर पाहिलं. चेहऱ्यावर आशा होती, पण नजर त्यांच्यावरून पुढं निसटून रस्त्यावर गेली.

"आले काय, मिस्तरी? मालकाचा पाट आनला?"

त्यांनी वर जाळीकडं पाहिलं.

"उद्या आनतो, बाई."

"आना बापा," ती म्हणाली, आणि ताटावर दुसरं ताट झाकलं. "जेवाची वेळ झाली त्याइची."