सहा अंगठे

भिवाजीने ओळीखाली बोट धरून कागद वाचला. जोडाक्षरापाशी अडखळला, पण शेवटपर्यंत वाचला. केसरबाई समोर उभी होती. आपल्या लेकीने शिकवलेला माणूस वाचतो कसा, हे ती पहिल्यांदाच पाहत होती.

लेक म्हणजे नलिनी, मोहगावच्या शाळेतली मास्तरीण. संध्याकाळी गावचे सहा बाप्ये तिच्या ओसरीवर अक्षरं गिरवायला यायचे. तिच्या नवऱ्याने, विनायकने, संशयावरून तिचा जीव घेतला. खटला नागपूरच्या पेपरांत महिनाभर गाजला. सहाही जण सरावासाठी एका वहीत रोज आपापली सही करायचे. विनायकच्या वकिलाने तीच वही कोर्टात नाचवली. ही तिच्याकडे येणाऱ्यांची नावं, म्हणाला, आणि अक्षरं वाकडी आहेत ती दारूमुळे. मिशीवाल्या माणसाने बाईकडून बाराखडी शिकल्याचं चारचौघांत कबूल करायचं म्हणजे मरणच. सहाही जण मूग गिळून बसले. विनायकची फाशी टळली, सातच वर्षांची सजा झाली. गावात मात्र ‘नलिनीची वही’ म्हणून लोक अजून डोळे मिचकावत होते.

खटल्यानंतर तीन वर्षांनी केसरबाईचा भाऊ यशवंतराव याने हा कागद लिहून दिला: नलिनीबाईंनी आम्हांला लिहायवाचायला शिकवले, दुसरे काही नाही. तो पेपरात छापून यावा, एवढीच तिची आस होती.

“बरोबर लिवलं हाये, मावशी,” भिवाजी म्हणाला. त्याची मान वर होत नव्हती.

सही टाळून त्याने अंगठ्याला शाई लावली आणि तो कागदावर दाबला. बाकीच्या पाचांनीही तेच केलं. स्वतः निरक्षर असलेल्या केसरबाईने फुंकर घालून शाई वाळवली.

जवळच्या सौंसरहून तिने नागपूरची बस धरली. राज्यांच्या फेररचनेत नागपूर आता दुसऱ्या राज्यात गेलं होतं, पण बस तीच होती. पेपरच्या कचेरीत संपादकांनी कागद दोनदा वाचला. मग खालच्या ठशांवर बोट ठेवलं.

“बाई, वर लिहिलंय की तिनं यांना लिहायला शिकवलं. आणि खाली सहा अंगठे. छापलं तर लोक हसतील. यांच्या सह्या आणा.”

केसरबाईने कागद पदराखाली घेतला.

“सह्या केल्या होत्या जी त्यायनं एकदा,” ती म्हणाली. “त्याच सह्यायनं माही पोरगी बदनाम झाली.”