अर्बनच्या दोरीचा दगड

जरा सरकता का? मी बोलतोय, तुमच्या खालचा दगड. दचकू नका, खा शेंगा. टरफलं टाकायला मी आहेच. मालाडहून बस पकडून तुम्ही मढचा हा समुद्रकाठचा स्मृतिपथ बघायला आलात. हवा झकास आहे म्हणालात. स्मृती कुणाची, ते मात्र विचारलं नाहीत.

मी याच किनाऱ्याचा काळा कातळ. गावातला अर्बन आपल्या होडीची दोरी मला बांधायचा. त्याचा बाप, आजाही मलाच बांधायचे. दोरी घासून घासून माझ्या माथ्यावर खोल खाच पडली होती. अर्बन मोठा फटकळ. निघताना मला एक शिवी हासडायचा आणि परत आला की थोपटायचा. साठ-एकसष्ट सालच्या सुमाराला एका वादळात त्याची होडी गेली. बरोबरची माणसंही गेली. एकाचंही प्रेत किनाऱ्याला लागलं नाही.

प्रेत नाही तर कबर कसली? दर दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सगळं गाव चर्चच्या कब्रस्तानात जातं आणि आपापल्या माणसाच्या कबरीवर मेणबत्त्या लावतं. अर्बनची बायको पर्पेच्युआ पहिल्या वर्षी तिथं मेणबत्ती घेऊन नुसतीच फिरली. शेवटी किनाऱ्यावर आली आणि तिनं ती माझ्या खाचेत उभी केली. अगदी घट्ट बसली. मग ती दरवर्षी येऊ लागली. माझ्यावर टेकली मात्र कधीच नाही. कबरीवर कोण बसतं हो?

पुढं बंगलेवाल्यांची कमिटी आली. शरच्चंद्र साहेब त्यांचे पुढारी. बुडालेल्यांच्या आठवणीसाठी किनाऱ्यानं छान पायवाट बांधू म्हणाले. गाव कबूल होईना. इथं त्यांचे बोंबील वाळायचे, जागा सोडून जायचं कुठं? पण पर्पेच्युआ घरोघर फिरली, बायांच्या हातापाया पडली. आपल्या माणसांना कबर नाही, निदान ही वाट तरी होईल, फादर येऊन पाणी शिंपडतील, असं सांगत राहिली. भोळी बाई! तिच्या शब्दाखातर गावानं जागा दिली.

आणि काय झालं? फाटकावर संगमरवर लागला. त्यावर देणगीदारांची नावं वर, बुडालेल्यांची खाली. बोंबलाचा वास पाहुण्यांना सोसत नाही म्हणून वाळवण बंद. गावच्या बाया अजून पर्पेच्युआशी धड बोलत नाहीत. आणि मला छिन्नीनं तासून सपाट केलं, लोकांना बसायला. खाच गेली. पिढ्यान्‌पिढ्यांची दोरी एका दुपारी पुसली. राग येतो मला, अजून येतो.

मेणाचे डाग पडतात म्हणून मेणबत्तीलाही मनाई झाली. ती मनाई सांगायला कोण? फाटकावरचा वॉचमन जॉनी, अर्बनचा सख्खा धाकटा भाऊ. बोंबलाचा धंदा बसला तेव्हा त्यानं खाकी चढवली.

आजही दोन नोव्हेंबरच आहे. मघाशी पर्पेच्युआ आली तेव्हा जॉनीनं तिला अडवलं.

"वैनी, नको गं. माझी नोकरी जाईल."

"तुझ्या भावाच्या डोक्यावर लोक बसतात, ते चालतं तुला?"

जॉनीनं एकदा बंगल्याकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला, साहेब बंगल्यावर चहाला गेलेत, ते येईपर्यंत दगड मोकळा झाला तर लाव पटकन, मी तिकडं बघतो.

म्हणून म्हणतो, उठा. ती बघा, नारळाखाली लुगड्यातली बाई उभी आहे, पदराखाली हात धरून. तुम्ही समजलात, फिरायला आलीय. ती तुमच्या उठण्याची वाट बघतेय. उठा म्हणायला तिची जीभ रेटत नाही. पाहुण्याला उठवायची रीत नाही त्यांच्यात. म्हणून मी सांगतोय. ऐकू जातंय का?

दुसरी पुडी फोडलीत. बरं, खा.

अहो, सूर्य टेकला. ते बघा, साहेब परत आले, फाटकाशी उभे राहिले. जॉनीला आता बंद व्हायची शिट्टी वाजवावीच लागणार.

वाजवली. आता उठलात होय! टरफलं झटकलीत, वर म्हणालात, जागा मस्त आहे, पुढच्या रविवारी पोरांना घेऊन येऊ.

तुम्ही गेल्यावर ती आली. मेणबत्ती तिनं बाहेर काढलीच नाही. तिनं हातानं टरफलं गोळा केली, जिथं खाच होती त्या जागेवर तळवा टेकला आणि चटकन मागं घेतला. मग पुन्हा ठेवला.

"जॉनी," मागं येऊन उभ्या राहिलेल्या दिराला ती म्हणाली, "ऊब आहे रे दगडाला."

ती ऊब तुमची होती, हे तिला कसं सांगायचं?