इंजिनाचे रवे

मुरुडला नारळीच्या वाडीत होरमसजी शेठचा बंगला आहे. तिथे काचेच्या कपाटात दोन वीत लांबीचं आगगाडीचं काळंभोर इंजिन ठेवलंय. पाहुणे येतात, वाकून बघतात आणि म्हणतात, "विलायती काम ते विलायती काम!" माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. विलायतेहून नुसते तुकडे आले होते. इंजिन आमच्या पडवीत झालं, आणि तेही कोणाच्या नाकावर टिच्चून झालं ते सांगते.

त्रेसष्ट साली सरकारने कायदा काढला की सोनाराने चौदा कॅरटच्या वर दागिना घडवायचा नाही. माझ्या बापाचा, बाळाजी सोनाराचा, सगळा जन्म बावीस कॅरटवर गेलेला. गिऱ्हाईक फिरकेनासं झालं, शेगडी थंड पडली. सदूकाका, म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, रोज येऊन तेच टुमणं लावायचा, "दादा, हत्यारं विकून टाक. सोमवारी भंगारवाला येतोय. नारळाच्या वखारीत तुझ्यासाठी शब्द टाकलाय मी." शेवटी एक दिवस बाबा नुसतं "बरं" म्हणाले. चिडले असते, भांडले असते, तर मला चाललं असतं. त्या "बरं"चाच मला संताप आला.

हत्यारांबरोबर ऐरणही जाणार होती. आमच्याकडे तिला चुकून पाय लागला तरी पाया पडायचे. दसऱ्याला तिला झेंडूची माळ आणि नैवेद्य असायचा. आणि घरातल्या बाईने तिच्या जवळ बसायचं नाही, हा नियम तर आजोबांच्या आधीपासूनचा.

त्याच आठवड्यात होरमसजी शेठ एक डबा घेऊन आले. आत पितळी पत्रे, चाकं, दांडे, नखाएवढे सुटे भाग. अशी इंजिनं जोडायचा त्यांचा जुना शौक, पण आता त्यांचे हात थरथरायचे. "बाळाजी, तू जोडून दे ना," ते म्हणाले.

बाबांनी डब्यात डोकावूनही पाहिलं नाही. "खेळणं हाय ते, शेठ. मी सोनार हाय."

"मग मी जोडते," असं म्हणून मी सरळ बाबांच्या जागेवर जाऊन बसले. शेगडी पेटवली, फुंकणी तोंडात धरली आणि पहिलाच सांधा असा जोडला की वितळलेलं कथिल ओघळून चाकाच्या आऱ्यांत गेलं. बाबांनी जरा वेळ सोसलं. मग त्यांना राहवेना.

"अगं, चूल फुंकतेस काय? सरक तिकडं."

मी सरकले, पण उठले नाही.

बाबांचा हात पुन्हा चालायला लागला. चाकं फिरली, दांडे बसले. बॉयलर तर त्यांनी असा घासला की त्यात तोंड दिसावं. पत्र्यावर सगळीकडे बारीक पुटकुळ्या होत्या. दागिन्यावर असं काही राहिलं तर सोनाराची लाज जाते, म्हणून बाबांनी कानस घेऊन एकूणएक पुटकुळी काढून टाकली.

रविवारी शेठ आले. भिंगातून बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. "अरे, रिवेट कुठे गेले?"

त्या पुटकुळ्या म्हणजे रिवेट होते. खऱ्या इंजिनाचे पत्रे त्यांनीच एकमेकांना धरून ठेवलेले असतात. आमच्या मुरुडात एसटी आणि होड्या, इंजिन जवळून बघितलंय कोणी? डब्यावरच्या चित्रात ठिपके होते खरे, पण ते आम्हाला छपाईचे वाटले.

"जाऊ दे, बाळाजी. रंग दिल्यावर कोण बघतंय?" शेठ मायेनेच म्हणाले. पण बाबांनी फुंकणी खाली ठेवली. सदूकाका तिथे बसलेलाच होता. शेठची पाठ वळताच तो म्हणाला, "बघ, खेळणंसुद्धा जमलं न्हाय. उद्या सोमवार हाय."

मी ट्रंक उघडली आणि आईची कर्णफुलं बाबांपुढे आदळली. आई गेल्यापासून त्यांना कोणी हात लावला नव्हता. फुलांच्या कडेने सोन्याचे गोल रवे होते, मोहरीहून बारीक.

"हे रवे कोणी बसवले?"

"सोन्याचे हायत ते," बाबा पुटपुटले.

"मग तांब्याचे करा! कायदा सोन्याला हाय, तुमच्या हातांना न्हाय."

बाबा कर्णफुलं तळहातावर घेऊन बसले. एका रव्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, "सकाळी तांब्याची तार काढून ठेव."

सोमवारी उजाडताच आम्ही बसलो. तारेचे कण कापून कोळशावर ठेवायचे आणि फुंकणीने जाळ मारायचा, की त्यांचे आपोआप गोल रवे होतात. मी ओल्या कुंचल्याने एकेक रवा रिवेटच्या जागी बॉयलरवर मांडत होते आणि बाबा आच देत होते. आच कमी पडली तर रवा धरणार नव्हता. जास्त झाली तर जोडलेलं इंजिनच सुटून पडणार होतं.

तेवढ्यात काका भंगारवाल्याला घेऊन दारात उभा राहिला. बाबांनी फुंकणी तोंडातून न काढता हातानेच नाही म्हटलं. काकाने दिसलं नाहीसं केलं. "शब्द दिलाय आपण," म्हणत तो ऐरणीकडे वाकला.

मी कुंचला टाकला, पदर खोचला आणि ऐरणीवर जाऊन बसले.

"जने, ऊठ!" काका किंचाळला. "देव हाय तो!"

"व्हय? आणि विकताना काय होता?"

भंगारवाला गुपचूप पायरी उतरला. काका बाबांकडे वळला. "दादा, सांग की हिला काहीतरी! ऐरणीवर बसलीय पोरगी!"

आता मात्र मी बाबांकडे पाहिलं. काकाला मी भीक घालत नव्हते, पण ऐरण बाबांची होती. बाबांनी फुंकणी काढली. रवा धरला का ते नखाने चाचपून बघितलं.

"सदू, त्या दिवशी बरं म्हणालो होतो. आज न्हाय म्हणतो," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "जने, उतर खाली. ऐरण लागते मला."

मी उतरले, ऐरणीच्या पाया पडले आणि पुढचा रवा उचलला.