कापडाच्या कात्रीने कापलेली वेणी

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे आणि स्वभावाने तापट आहे. असणारच! लोहाराने मला लाल होईपर्यंत तापवले, घणाखाली बडवले, दगडावर घासून धार काढली. मार खाऊनच मी घडले.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी मला घरी आणले. जाड कापडाच्या घड्या मी एका दमात कापत असे. गिऱ्हाइके बाईंच्या हाताचे कौतुक करीत आणि मी ते गुपचूप माझ्या नावावर जमा करी. कोणी कागद कापायला मला उचलले, की बाई म्हणत, "हात लावून तर बघ. कापडाची कात्री आहे ती."

बाईंच्या मुलीची वेणी कमरेखाली जाई. तिच्या बाबांनी हौसेने मागच्या अंगणात गरम पाण्याचा टब बसवला. बाई भारी सावध. पाणी किती तापले ते रोज मोजत, झाकणाला कुलूप लावत, मुलगी टबात असली की शिवण घेऊन शेजारीच बसत. पण ही सगळी राखण पाण्याच्या वरची. पाण्याखाली, पंप जिथून पाणी ओढतो त्या तोंडावर, एक जाळी होती. तिच्यात मुलीचे केस गुंतत आणि पाणी अडे. "सारखे सारखे केस कोण उपसणार?" म्हणत बाबांनी जाळीच काढून टाकली. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते असे.

एका दुपारी मुलीने श्वास रोखून टबात बुडी मारली. वेणी त्या उघड्या तोंडाशी गेली आणि पंपाने ती गिळली. मुलीचे डोके पाण्याखालीच टबाच्या भिंतीवर आपटले आणि तिथेच खिळून राहिले. ती हातपाय झाडत होती, नखांनी टब ओरबाडत होती. बाई मांडीवरच्या मला घेऊनच पाण्यात उतरल्या.

"पंप बंद करा!" त्या किंचाळल्या. बाबा घरात धावले, पण बटणापुढे त्यांनीच खोकी रचून ठेवली होती. ती ते लाथांनी उडवू लागले.

ओली वेणी दोरखंडासारखी चिवट असते. पहिल्या घावाला मी घसरले आणि बाईंचे बोट फाडले. दुसऱ्याला मुलीच्या कानामागे लागले. पाणी लाल झाले. खरे सांगते, मला दया आली नाही, दयेला वेळच नव्हता. मी चावत राहिले आणि वेणी तुटली. मग कुठे पंपाचा आवाज थांबला.

मुलगी खोकली, पाणी ओकली आणि रडली. बाईंनी तिला उचलून टबाबाहेर घेतले.

बाबांनी हातोडा आणला आणि टबावर घावावर घाव घातले. कडेचे तुकडे उडाले. बाई बोट दाबून धरत म्हणाल्या, "त्याला काय मारता? त्याचं तोंड उघडं कुणी ठेवलं?"

हातोडा खाली आला तो पुन्हा उठला नाही.

आता टबाची फुटकी कड सांधली आहे, नवी जाळी बसली आहे आणि तिच्यातले केस बाबाच मुकाट्याने उपसतात. बटणापुढे काही ठेवत नाहीत. मुलगी केस डोक्यावर घट्ट बांधून मगच पाण्यात उतरते. माझा मधला खिळा त्या दिवशी ढिला झाला, आता मी कापडाच्या कामाची नाही. बाईंनी मला टबाजवळ भिंतीवर टांगले आहे, वेळ पडली तर म्हणून. वाफेने मला गंज चढतो आहे.

मित्रांनो, माझ्या भरवशावर राहू नका. मी मदतीला येते तेव्हा रक्त काढूनच जाते. तुमची जाळी शाबूत आहे ना, ते आधी पाहा आणि मला इथे सुखाने गंजू द्या.