अपरिवर्तनीय ऋणनिर्देश

एक पॉलिएस्टरची शाल, घडी न मोडलेली.

पाचूबंदरच्या धक्क्यावर काढलेला फोटो. चार माणसं, मागे होड्या, आणि कडेला एका कोळणीचा अर्धा चेहरा. तिला कुणी बाजूला हो म्हणालं नाही आणि नंतर नीट कापलंही नाही.

'बालपणापासूनच मला यंत्रांची ओढ होती.'

हिल्डाच्या धर्ममातेचं नाव, तिच्या मुलांची नावं, आणि त्यातला जो कुवेतला आहे त्याच्या कंपनीचं नाव.

सातिवलीतल्या एका गाळ्याचा पत्ता, पिनकोडसकट.

स्वातंत्र्य म्हणजे काय, यावर दीड पान. त्यात 'वस्तुतः' हा शब्द एखाद्या कुटुंबाला महिनाभर पुरेल इतका.

सोसायटीच्या वॉचमनचे आभार, नाव न देता.

हे सगळं एकाच पुस्तकात आहे. पुस्तकाचं नाव 'मुक्त संगणक: स्थापना आणि वापर', साल दोन हजार सहा. फुकट मिळणारी, कुणालाही उघडून बदलता येणारी प्रणाली संगणकावर कशी बसवायची, ते मराठीत सांगणारं पुस्तक. त्याच्या शेवटी हा ऋणनिर्देश. पुस्तक दिशा राऊतने लिहिलं. ऋणनिर्देश बाकीच्यांनी.

स्थिती: तपासणीत

बाकीचे म्हणजे मंडळ. मंडळ दर रविवारी एव्हरशाईन सिटीत सदानंद खांबेट्यांच्या हॉलमध्ये भरे. खांबेटे बँकेच्या संगणक विभागातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन आलेले. निवृत्त माणसाला अध्यक्षपद लागतं, जसं काहींना जेवणानंतर बडीशेप लागते. त्यांनी आधी सोसायटीत प्रयत्न केला, तिथे पडले, मग मुक्त प्रणालीकडे वळले. मंडळात त्यांना सगळे काका म्हणत. दिशाही म्हणायची, पण सरकारी कागदावर 'आपला नम्र' लिहितात तशी.

दुसरा हर्षवर्धन. याला परवाने पाठ होते, म्हणजे अशी प्रणाली किंवा पुस्तक कुणी कसं वापरायचं, बदलायचं, वाटायचं याचे नियम. कुठला परवाना कशाशी जुळतो, कुठला जुळत नाही, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगायचा, आणि न उठवताही सांगायचा. प्रणाली त्याने स्वतःच्या संगणकावर कधी बसवली नव्हती. ऑफिसात चालत नाही म्हणायचा.

तिसरी हिल्डा तुस्कानो, सातिवलीत चुलत भावाच्या खोकी बनवण्याच्या गाळ्यात हिशोब बघणारी. तिने मंडळाला एक जुना संगणक मिळवून दिला होता, तपासणीसाठी. मंडळाचा नियमच होता: प्रत्येक प्रकरणावर दोघांनी 'तपासलं' असा शेरा द्यायचा आणि त्यातल्या एकाने तरी प्रकरणातली प्रत्येक पायरी खऱ्या यंत्रावर करून बघायची. नियम छान होता. संगणक गाळ्यात होता. त्याच्यावर गोंदाचे डबे ठेवलेले असत, कारण उंची अगदी सोयीची होती.

शेरे मात्र पटापट पडत. तपासलं, स. खां. तपासलं, ह. तपासलं, हिल्डा, आणि पुढे एक हसरा चेहरा.

तपासायचे काय? तर माउसला मूषक म्हणावं का, यावर सलग काही रविवार गेले. सीडीला तबकडी म्हणायचं हे काकांनी अध्यक्षाच्या अधिकारात ठरवून टाकलं. हर्षवर्धन स्वल्पविराम घालायचा. घालायचा म्हणजे किती, तर दिशाने लिहिलेलं सरळ वाक्य त्याच्या हातून परत यायचं तेव्हा खडीच्या रस्त्यावरून आल्यासारखं यायचं.

दिशा हे सगळं सहन करायची. का, तर मंडळाचा शिक्का असल्याशिवाय कुणी पुस्तकाला हात लावणार नाही, असं तिला सुरुवातीला वाटलं होतं. भुईगावला बापाची केळीची वाडी, सकाळी एका क्लासमध्ये शिकवणं, आणि उरलेल्या वेळात हे पुस्तक, अशी तिची दोन वर्षं गेली होती. तिला एकच गोष्ट हवी होती. या प्रणालीची जी सीडी आदिवासी भागातल्या शाळांना फुकट जाणार होती, त्या सीडीवर पुस्तक जायला हवं. तिकडे शाळांत संगणक पोचले होते आणि प्लास्टिकच्या कव्हराखाली पूजेला ठेवल्यासारखे बसले होते. कारण पडद्यावर सगळं इंग्रजी, आणि मास्तरांना विचारायला कुणी नाही. पुस्तक सीडीवर गेलं नाही, तर तिचं सगळं काम म्हणजे सदानंदकाकांच्या बायोडेटाला जोडलेलं परिशिष्ट.

स्थिती: परवाना दिला

परवान्यात एक सोय होती. पुस्तक कुणीही बदलावं, वाटावं, छापावं. पण लेखकांनी ठरवलं तर काही पानं 'अपरिवर्तनीय' म्हणून राखून ठेवता येत. ती कुणी बदलायची नाहीत, गाळायची नाहीत, पुस्तक जिथे जाईल तिथे ती जाणार.

ही सोय हर्षवर्धनने शोधून काढली आणि मंडळापुढे ठेवली. जगातले शहाणे लोक अशा सोयीने काय राखतील ते राखोत. वसईच्या मंडळाने आभार राखले. स्वातंत्र्याच्या पुस्तकात एवढीच पानं तुरुंगासारखी बंद, आणि आत आपण होऊन जाऊन बसलेले चौघे. प्रकाशनाच्या दिवशी द्यायच्या शालीचा उल्लेखसुद्धा आत आधीच आहे. प्रकाशन सोसायटीच्या गच्चीवर झालं आणि शाल काकांनीच आणली, काकांनीच हिल्डाच्या हातून स्वतःला घालून घेतली.

चौथी कोण, असं कुणी विचारेल. दिशाच्याही तिथे तीन ओळी आहेत. वडिलांविषयी. काकांनी मागितल्या आणि कटकट नको म्हणून तिने दिल्या.

स्थिती: परत पाठवलं

सीडीचं काम बघणारेही स्वयंसेवकच होते, फक्त काम करणारे. त्यांनी पुस्तक वाचलं, चांगलं आहे म्हणाले, आणि परत पाठवलं. दिशाने रविवारी विषय काढला.

"काका, ऋणनिर्देश काढावा लागेल."

काकांनी चहात बिस्किट बुडवलं. "काढावा म्हणजे?"

"म्हणजे काढावा. ती पानं बदलता येत नाहीत असं आपण लिहिलंय. ते म्हणतात, ज्या पुस्तकातलं एक पान जरी बदलायला बंदी असेल, ते आमच्या लेखी मुक्त नाही. महिनाअखेरपर्यंत दुरुस्त करून द्या, नाहीतर पुढच्या सीडीत बघू."

"पुढची केव्हा?"

"दीड वर्षानं."

"मग दीड वर्षानं देऊ. पळून चाललीय का तबकडी?"

हर्षवर्धन खुर्चीत पुढे सरकला. परवान्याचं नाव निघालं की तो असा सरकायचा. "इश्यू वेगळा आहे, दिशा. वस्तुतः त्यांची भूमिकाच वादग्रस्त आहे. मी त्यांना मेल लिहितो. मुद्देसूद."

"मुद्दे नकोत. तुझी संमती हवीय. सगळ्यांनी लिहून दिलं तर पानं काढता येतात."

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"अट तूच घातलीस ना?"

"मीटिंगला मांडूनच घातली. तू काय म्हणालीस आठवतंय? काय घालायचं ते घाला, मला सातवं प्रकरण संपवू द्या."

हे खरं होतं. परवाना म्हणजे रिकामटेकड्या पुरुषांचा पत्त्यांचा डाव, असं समजून तिने तो एकदाही वाचला नव्हता. ते तिला फार लागलं.

"माझं काही नाही गं," हिल्डा म्हणाली. "पण मी धर्ममातेला प्रिंट काढून दिलीय. तिने फ्रेम केलीय, येशूच्या आल्तारच्या बाजूला लावलीय. तिला काय सांगू, तुझं नाव मुक्त नाही म्हणून काढलं?"

"घरातली फ्रेम कोण काढतंय, हिल्डा?"

"तसं नाही. जगात गेलंय असं तिने सगळ्या सांडोर गावाला सांगितलंय."

काकांनी कप खाली ठेवला. तळाशी बुडून गेलेलं अर्धं बिस्किट होतं, ते त्यांनी चमच्याने उचललं. "हे बघ दिशा, माझं पान काढायला माझी ना नाही. मी काही नावासाठी करत नाही. पण मग मी केलेल्या दुरुस्त्याही काढा. त्याही माझ्याच आहेत. परवान्याप्रमाणे. बरोबर ना हर्षवर्धन?"

"वस्तुतः, हो."

"हर्षवर्धनच्याही काढा. हिल्डाच्याही. मग बघू काय उरतं ते."

दिशाने पर्स उचलली. "चालेल," ती म्हणाली.

"काय चालेल?"

"काढते."

काका हसले. त्यांना ती गंमत वाटली. दोन वर्षांची तपासणी, एवढे शेरे, एवढे रविवार. ते काढून पुस्तक उभं राहील, ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात मावत नव्हती. हिल्डाने तिला दारापर्यंत सोडलं आणि बजावलं, "रागात काही करू नकोस हां." रागात नव्हतीच ती. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटत होतं.

स्थिती: कच्चा मसुदा

घरी येऊन तिने तपासणीच्या आधीची प्रत काढली. ती पूर्ण तिची होती, एकेक अक्षर. तिच्यात मूषक नव्हता, तबकडी नव्हती, खडी नव्हती. तिने ती वरून खाली चाळली, आणि वाडीत गवत काढल्यावर केळीचे बुंधे मोकळे दिसावेत तसं तिला ते दिसलं. मंडळाची प्रत तिने शेजारी उघडून ताडून बघितली का? नाही बघितली. काय ताडायचं? ज्यांच्या तपासणीच्या संगणकावर गोंदाचे डबे असतात, त्यांनी काय सुधारलं असणार?

परवान्याच्या जागी तिने नवा परवाना घातला, या खेपेला स्वतः वाचून. राखीव पान एकही नाही. ऋणनिर्देश नाही. वडिलांच्या तीन ओळीही गेल्या. वडिलांना त्या कधी दाखवल्याच नव्हत्या.

पुस्तक घेतलं गेलं. सीडी निघाली. शाळांना गेली.

मंडळाला हे दोन महिन्यांनी कळलं. काकांनी निषेधाचा ठराव मांडला, हर्षवर्धनने अनुमोदन दिलं, हिल्डा त्या रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर परस्पर माहेरी गेली. ठराव दिशाला मेलने आला. तिने तो क्लासमधल्या पोरींना वाचून दाखवला. 'सदर कृती मंडळाच्या परंपरेस तडा देणारी' या ओळीला पोरी खूप हसल्या. परंपरा दोन वर्षांची होती.

स्थिती: प्रकाशित

फोन जूनमध्ये आला, वाडा तालुक्यापलीकडच्या एका आश्रमशाळेतून. जगन्नाथ सर म्हणून शिक्षक होते. आवाज मवाळ, तक्रार करण्याची सवय नसलेला.

"बाई, पुस्तक तुम्हीच लिहिलं ना? नंबर त्यातच सापडला."

"हो, सर. बसली का प्रणाली?"

"बसली, बसली. अगदी छान बसली. मराठी दिसतंय सगळं. मुलं खूश आहेत. फक्त आधीचं कुठे गेलं, ते विचारायचं होतं."

"आधीचं काय?"

"मुलांचं रेकॉर्ड होतं त्यात. निकाल, जन्मतारखा, दाखल्यांची माहिती. आमच्या क्लार्कने तीन वर्षं बसून भरलेलं. पुस्तकात लिहिलंय तसंच केलं आम्ही. तिसऱ्या प्रकरणात, पहिला पर्याय निवडा म्हटलंय, तो निवडला. आता ते कुठल्या फोल्डरमध्ये गेलं असेल?"

कुठल्याच फोल्डरमध्ये गेलं नव्हतं. पहिला पर्याय अख्खी डिस्क पुसून मग प्रणाली बसवतो. दिशाने ते प्रकरण नव्या, कोऱ्या डिस्कवर लिहिलं होतं, तिथे पुसायला काही नव्हतंच. तिने हे सरांना सांगितलं, जमेल तेवढं हळू. दुसरी प्रत आहे का म्हणून विचारलं. सर म्हणाले, कागद आहेत, पण मधल्या वर्षाचे पावसात भिजले.

"बरं," ते म्हणाले. "म्हणजे परत भरावं लागणार. इतर शाळांना कळवता का बाई? शेजारच्या शाळेत पुढच्या आठवड्यात बसवणार आहेत."

फोन ठेवून तिने मंडळाची प्रत उघडली. तिसरं प्रकरण. पहिल्या पर्यायाच्या आधी, स्वल्पविरामांच्या खडीत, ठळक अक्षरात एक वाक्य होतं: 'तत्पूर्वी, आपल्या संगणकात, पूर्वीचे काहीही जतन केलेले असल्यास, हा पर्याय कदापि निवडू नये, सर्व काही कायमचे नष्ट होते.' बदल कुणी केला, तेही पुढे दिसत होतं. स. खां.

ती ते वाक्य उचलू शकत नव्हती, ते त्यांचं होतं. तिने तोच इशारा स्वतःच्या शब्दांत लिहिला, सीडीवाल्यांना पाठवला, आणि शाळांचे फोन नंबर शोधायला बसली. पहिल्या तीन ठिकाणी कुणी उचलला नाही. चौथा नंबर फिरवता फिरवता ती मनाशी म्हणाली, कुठल्यातरी इंग्रजी पुस्तकातून उचललं असणार म्हाताऱ्याने, स्वतःहून कुठलं सुचतंय.

ते वाक्य घालायच्या आदल्या दिवशी सदानंद खांबेट्यांनी तिसरं प्रकरण आपल्या घरच्या संगणकावर, लिहिलं होतं अगदी तसं, करून बघितलं होतं.