साहेबांच्या मशीनचा जप

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे ‘कुलूपताई’ म्हणत. कारखान्याच्या सगळ्या दुकानांतल्या गिऱ्हाइकांच्या डोळ्यांचे नंबर, पत्ते, फोन तिच्या ताब्यातल्या डेटाबेसमध्ये होते, आणि ती त्यावर गुप्तधनावरच्या नागासारखी बसलेली असे.

आता एका मोठ्या इस्पितळाला कारखान्याकडून चष्मे घ्यायचे होते. पण आमच्या रुग्णांची माहिती तुमच्या नेटवर्कवर सुरक्षित राहते का, ते आमचा माणूस आधी तपासणार, अशी त्यांची अट होती. कारखान्याच्या मालकांनी, म्हणजे साहेबांनी, ते लोढणं कुलूपताईच्या गळ्यात अडकवलं. वर हेही ऐकवलं की तपासणीत नाक कापलं गेलं, तर तिच्या जागेची जाहिरात तयारच आहे.

नाक कापलं जायची सोय तिनेच करून ठेवलेली होती. बऱ्याच वर्षांपूर्वी साहेबांनी तिची रजा ऐन वेळी रद्द केली होती. धाकट्या बहिणीच्या लग्नाची रजा. का, तर त्याच दिवशी नवा डेटाबेस चालू करायचा होता. तिकडे लग्न लागत होतं आणि इकडे मशीन तिला पासवर्ड विचारत होतं. तिने डोळे पुसले आणि दातओठ खात रोमन अक्षरांत सलग बडवलं: रेड्यानं रजा दिली नाही. तोच पासवर्ड प्रत्येक दुकानाच्या आणि साहेबांच्याही मशीनमध्ये गेला. दुकानातून काहीही विचारायचं झालं की तो तारेवरून मुख्य मशीनकडे उघडानागडा धावे. तारेला कान लावणाऱ्या कुणालाही तो वाचता आला असता, पण तेवढी अक्कल तिथे होती कुणाला?

आता कान लावणारा येणार म्हटल्यावर ती कामाला लागली. प्रत्येक मशीनला वेगळं खातं, वेगळा पासवर्ड, आणि सगळं बोलणं दोन टोकांखेरीज तिसऱ्याला कळणार नाही अशा सांकेतिक भाषेत. पासवर्ड कुणालाही, अगदी मालकालाही सांगायचा नाही, असा नियम तिने लिहिला आणि साहेबांनी न वाचता त्यावर सही ठोकली.

राहिलं फक्त साहेबांच्या केबिनमधलं मशीन. त्याला हात लावायला सक्त मनाई होती. मागे कुणीतरी ते सुधारायला गेलं आणि साहेबांनी पत्त्यांच्या खेळात जमवलेले सगळे विक्रम पुसले गेले, तेव्हापासून बाहेर जाताना ते केबिनला कुलूप घालत. तिने हातापाया पडून पाहिलं, साहेब बधले नाहीत. शेवटी तपासणीच्या सकाळी तिने मुख्य मशीनवरचं जुन्या पासवर्डचं खातंच बंद करून टाकलं. साहेबांना विक्रीचे आकडे दिसायचे थांबले तर थांबोत, संध्याकाळी बोलणी खाऊ, असा तिने हिशेब केला आणि निवांत चहा प्यायली.

तपासनीस सडपातळ होता आणि हसणं त्याला वर्ज्य होतं. साहेबांनी त्याच्यापुढे अशी काही टिमकी वाजवली की विचारू नका. इथली सुरक्षा म्हणजे आपलं अपत्य आहे, एकूणएक पासवर्ड आपण स्वतः ठरवतो, ही मॅडम फक्त टाइप करते. तपासनिसाने मुकाट्याने आपला लॅपटॉप नेटवर्कला जोडला आणि तारेवरून काय काय चाललंय ते भिंतीवर दाखवू लागला. नुसता अगम्य अक्षरांचा काला. त्याने मान डोलावली. कुलूपताईच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात एक ओळ स्वच्छ उमटली. थोड्या वेळाने पुन्हा तीच.

कुलूपताईने ती ओळखली. दार तिने बंद केलं होतं, पण साहेबांच्या मशीनला ते कोण सांगणार? ते बिचारं सकाळपासून दारावर येत होतं, जुना पासवर्ड खणखणीत ओरडत होतं, हाकललं जात होतं, आणि पुन्हा येत होतं.

तपासनिसाने डोळे तपासायला बसलेल्या माणसासारखं एकेक अक्षर वाचलं, मग सगळं जोडून मोठ्याने वाचलं. “हे मशीन कुणाचं?”

“माझं,” साहेब म्हणाले, आणि मग त्यांना अर्थ लागला.

“आणि पासवर्ड तुम्हीच ठरवता.”

साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. त्यांनी कुलूपताईकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, घसा खाकरला. “मीच ठेवला. असला पासवर्ड कुणाला सुचेल, सांगा?”

तपासनिसाने एवढं एक मशीन आजच्या आज सुधारा, बाकी ठीक आहे, असा शेरा दिला आणि तो गेला.

साहेबांनी केबिनची किल्ली तिच्यापुढे टेबलावर ठेवली. “कुठली रजा?”

“बहिणीच्या लग्नाची. अजून फोटो दाखवते ती मला. त्यात शेजारची जागा तिने माझ्यासाठी मुद्दाम मोकळी ठेवलेली.”

“मला आठवत नाही,” साहेब म्हणाले, आणि ते खरं बोलत होते. ‘रेडा’ वाचला गेला तेव्हाही वाटलं नव्हतं इतकं वाईट तिला आत्ता वाटलं. जो राग तिने इतकी वर्षं रोज तारेवरून पळवला, त्याची या माणसाकडे साधी नोंदही नव्हती.

तिने केबिनमध्ये जाऊन काम उरकलं. पत्त्यांच्या विक्रमांना धक्का लावला नाही. साहेब दारात घुटमळत होते.

“नव्या पासवर्डात मी आहे का?”

“ते सांगता येत नाही, साहेब. नियमावर तुमचीच सही आहे.” ती उठली. “आणि उद्या मला रजा हवीय. बहिणीकडे जायचंय.”

“घ्या, घ्या,” साहेब लगेच म्हणाले.

नवा पासवर्ड मशीननेच बनवलेला होता. त्यात ना रेडा होता, ना रजा. पण हे साहेबांना सांगायची तिला मुळीच घाई नव्हती.